वाड्यातल्या इतर किंकाळ्या

पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते, हे पुण्यात कधीही न राहिलेल्या मराठी माणसालाही ठाऊक असते. सांगणाऱ्याने ती स्वतः ऐकलेली नसते. त्याच्या ओळखीतल्या कोणीतरी, बहुधा कसब्यातून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या एखाद्या माणसाने ऐकलेली असते. ती खरोखर ऐकू येते की नाही, या वादात मला पडायचे नाही. त्या वाड्यात त्या दिवशी आणखीही माणसे ओरडली असतील आणि त्यांच्या ओरडण्याची गोष्ट कोणी का सांगत नाही, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस होता, म्हणजे गणपतीचे दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पेशवेपद मिळून वर्षही न झालेला हा मुलगा अवघा अठरा वर्षांचा होता. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग आणि त्याचे गारदी वाड्यात घुसले, नारायणराव धावत आपल्या नजरकैदेतल्या चुलत्याकडे, राघोबादादांकडे गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. हे सगळे भर दुपारी घडले. गोष्टीने मात्र ते रात्रीत नेऊन ठेवले. त्रयोदशीपासून पौर्णिमा दोन दिवसांवर असते, ते अंतरही तिने ओलांडले असावे, असा माझा तर्क आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी या खुनाचा छडा लावला आणि राघोबादादांना देहांत प्रायश्चित्तच हवे असे तोंडावर सांगितले, हेही आपण शाळेत शिकतो. म्हणजे या मृत्यूला नाव आहे, तिथी आहे, न्यायाधीश आहे, आणि मेलेल्याच्या तोंडचे शेवटचे शब्दसुद्धा आहेत.

त्याच दिवशी त्याच वाड्यात इतरही मारले गेले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी त्यांच्या अंगावर पडला आणि त्यांच्याबरोबरच कापला गेला. त्याचे नाव निदान इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. याशिवाय वाड्यातले काही ब्राह्मण मेले, कुणबिणी मेल्या, एक गायही मारली गेली. कुणबिणी म्हणजे वाड्यात राबणाऱ्या दासी. त्या काळी अशा बायकांची खरेदी-विक्री होत असे आणि तिच्या नोंदीही होत. त्या दुपारी त्यांतल्या कोणी काय हाक मारली असेल, कोणाला हाक मारली असेल, वाचवायला येईल असा काका किंवा भाऊ तरी त्यांना होता का, हे कोणत्याही कथेत येत नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळून गेला. आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. नारायण दरवाजापाशी उभे राहून लोक ‘येथूनच त्यांचे प्रेत बाहेर नेले’ असे एकमेकांना दाखवतात. कुणबिणींची प्रेते कोणत्या दरवाजाने गेली, असे विचारताना मी तेथे कोणालाही ऐकलेले नाही.

ही गोष्ट मनात घोळायला लागल्यापासून मी माझ्या गावच्या भुतांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. माझे गाव वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि दक्षिण कोकणातल्या कोणत्याही गावाप्रमाणे तेथे माणसांइतकीच भुतांचीही वस्ती आहे. माझ्या आजीला गावचा नकाशा भुतांवरून पाठ होता. व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कोंडीत, खोल डोहात, गिऱ्हा आहे, तो वाटसरूला उथळ पाण्याचा भास दाखवून खोल पाण्यात ओढतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चकवा आहे, तो ओळखीच्या वाटेवर माणसाला रात्रभर गोल फिरवतो. सातविणीखाली कोणी बसायचे नाही, पिंपळावर मुंजा आहे, चव्हाट्यावरून अमावास्येला वेताळाची पालखी निघते आणि तिच्या मशाली खालच्या मळ्यातून दिसतात. ‘तिन्हीसांजेच्या वक्ताक थंय जाव नको हां’ एवढेच ती म्हणे आणि का, ते पुढच्या पावसाळ्यात सांगे.

या गोष्टींत शहाणपण होते, हे आता कोणीही कबूल करील. कोंडीत दर काही वर्षांनी कोणी ना कोणी बुडत असे. पोहायला न येणाऱ्या पोरांना तेथून दूर ठेवण्यासाठी गिऱ्ह्याइतका खात्रीचा राखण्या दुसरा नव्हता. चकवा लागला तर घाबरून धावायचे नाही, आहे तेथे बसून राहायचे आणि कोंबडा आरवल्यावर उठायचे, हा सल्ला जांभ्याच्या सड्यावर अंधारात अडकलेल्या माणसाचा जीव वाचवणारा आहे, कारण सडा जेथे संपतो तेथे सरळ कडा असतो. मात्र भुतांच्या गोष्टी म्हणजे पोरांना लावलेले कुंपण, एवढे म्हणून थांबणाऱ्यांशी माझे जमत नाही. गिऱ्हा हा स्वतः बुडून मेलेला माणूस असतो. मुंजा हा मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला ब्राह्मणाचा मुलगा असतो. आपल्या प्रत्येक भुताच्या मागे एक मृत्यू असतो, आणि तो कसल्या ना कसल्या अपुरेपणाचा मृत्यू असतो.

या अपुरेपणाची यादी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकदा पद्धतशीर गोळा झाली होती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळी घातली, त्यांना लोकसमजुतींचा नाद होता. त्यांनी प्रश्नावल्या तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती टिपणे संपादित केली आणि कोकणाचा भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज सरकारने आपल्याकडे जमवलेल्या माहितीमागे काय हेतू असत ते मला समजते; तरी त्या पानांतून मास्तरांचा जो आवाज येतो, तो मला आपला वाटतो. भुतांचे प्रकार विचारल्यावर त्यांनी गंभीरपणे, नीट वर्गवारी करून उत्तरे पाठवली आहेत. समंध कोण, देवचार कोण, खवीस कोण, झोटिंग कोण, जखीण, लावसट, अलवंतीण कोण.

ती वर्गवारी वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते. मेल्यावरही माणसाची जात सुटत नाही. मुंजा आणि ब्रह्मग्रह ब्राह्मणाचे, देवचार शूद्राचा, खवीस बहुधा मुसलमानाचा. जिवंतपणी ज्याची जी पायरी तीच भुतांच्या दरबारात. दुसरी गोष्ट वारशाची. पोटी मूल नसताना गेलेला समंध आपल्या धनावर आणि घरावर बसून राहतो, कारण त्याला पिंड देणारे कोणी नसते आणि त्याच्या मागे जमीन तर असते. आमच्याकडे वंश बुडालेल्या घराची जमीन दुसऱ्याच्या हाती गेली, की नव्या मालकाने त्या मूळ माणसाच्या नावाने वर्षाला नैवेद्य ठेवायचा, अशी रीत कित्येक घरे अजून पाळतात. ती पाळणाऱ्यांना मी अंधश्रद्धाळू म्हणणार नाही. ज्याच्या मातीत आपण भात पिकवतो त्याला वर्षातून एकदा पानभर जेवण वाढणे, हा ऋण मानण्याचा फार सभ्य प्रकार आहे.

आणि तिसरी गोष्ट बायकांची. पुरुषांची भुते त्यांच्या जातीवरून, विद्येवरून, पैशावरून ओळखली जातात. बाईचे भूत ओळखले जाते ते नवरा होता की नव्हता आणि पोटात मूल होते की नव्हते यावरून. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर अलवंतीण किंवा हडळ. गावागावांत नावे थोडी इकडची तिकडे होतात. कसोटी तीच राहते.

हडळीचे वर्णन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हिरवे लुगडे, कपाळभर कुंकू, मोकळे केस, उलटे पाय. समोरून देखणी आणि पाठीमागून पोकळ. लहानपणी या वर्णनाने माझी झोप उडत असे. आता मी ते वाचते तेव्हा मला त्यात बाळंतिणीचे प्रेत दिसते. हिरवे लुगडे नेसवून, मळवट भरून, ओटी भरून नेलेली ती सवाष्ण आहे, आणि जिच्या शरीरातून रक्त वाहून गेले ती पोकळ झालेली आहे. पूर्वी अशा बाईचे प्रेत नेताना वाटेवर राळे फेकत जात. ती परत घरी यायला निघाली तर तिने ते दाणे वेचत बसावे आणि वेचता वेचता उजाडावे, हा त्यामागचा हेतू. उंबऱ्यावर लोखंडी खिळाही ठोकत. ती का परत येईल, हे दाणे फेकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. घरात तिचे मूल होते. कित्येकदा ते जिवंत असे, दुधासाठी रडत असे, आणि तिला त्याच्यापासून अडवण्यासाठी घरातलीच माणसे दाणे फेकत असत. या एका प्रथेइतके दुःखद असे आपल्या सगळ्या भूतकथांत मला दुसरे काही सापडलेले नाही.

गावात वीज आली आणि भुते पळाली, असे सगळेच म्हणतात. चकवा आणि वेताळाच्या मशालींपुरते ते खरे असेल. हडळ मात्र विजेने गेली नाही, ती दवाखान्यामुळे गेली, असे माझे ठाम मत आहे. काळोख्या खोलीत, धुरीच्या कोंदट हवेत, विळ्याने नाळ कापून होणारी बाळंतपणे जसजशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या रुग्णालयात होऊ लागली, तसतशी नव्या हडळी तयार होणे थांबले. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. हा आकडा अजूनही शून्य नाही, आणि त्या ३३ जणींतल्या पुष्कळ जणी वाचू शकल्या असत्या. पण माझ्या आजीच्या पिढीत प्रत्येक वाडीला बाळंतपणात गेलेली कोणीतरी होती, म्हणून प्रत्येक वाडीला हडळीची जागा होती. आजच्या मुलींना तशी जागा दाखवता येत नाही, यात मला संस्कृतीचा ऱ्हास वगैरे काही दिसत नाही. मला त्याचा आनंद आहे.

पुरुषांच्या भुतांना बढती मिळण्याची वाट मोकळी असते. देवचार पुढे राखणदार होतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन तो रात्री सीमेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आणि त्याला रोट दिला, विडी दिली की तो वर्षभर गाव सांभाळतो; गोव्यातही त्याचे हेच रूप आहे. आमच्याच तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर भुतांचा राजा असून गावाचा देव आहे. सुमारे नऊ फूट उंचीची ती मूर्ती पाहिली की प्रथम दडपण येते आणि मग विलक्षण आधार वाटतो. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याची भलीमोठी पायताणे अर्पण करतात. देवळात ती जोडीने मांडून ठेवलेली असतात, आणि त्यांचे तळ झिजतात, कारण वेतोबा ती घालून रात्रभर गस्त घालतो, अशी श्रद्धा आहे. मी त्या तळांवर बोट फिरवून पाहिले आहे. टाचेकडे चामडे खरोखर पातळ झालेले होते. ते कशाने झाले असेल, याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. कोणीतरी आपल्यासाठी इतके चालते, या कल्पनेनेच मला भरून आले होते.

बायकांपैकी कोणी देवी होतच नाही असे नाही. जाखमातेची देवळे कोकणात आहेत, आणि जखिणीशी तिचे नाते असावे असे मला वाटते. भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, हेही खरे. तरीही गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने केलेल्या प्रार्थनेत, जेव्हा गावकर हात जोडून एकेका स्थळाचे, एकेका राखणदाराचे नाव घेतो आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा त्या लांबलचक साखळीत बाळंतपणात गेलेल्या कोणा बाईचे नाव मी ऐकलेले नाही. तिला शांत करण्यासाठी तोडगे आहेत, अडवण्यासाठी खिळे आहेत. तिच्याकडे काही मागावे, असे कोणाला वाटलेले नाही.

याची शिक्षा जिवंत बायकांनीही भोगली. एखादी सून बाळंतपणानंतर उदास झाली, जेवेनाशी झाली, कोणाशी बोलेनाशी झाली, तर तिला अमकी धरली आहे असे म्हणत आणि भगताकडे नेत. तेथे मिरच्यांची धुरी, केस ओढणे, वेताच्या छड्या हे सगळे तिच्या शरीरावर होई आणि ते भुताला लागते असे सांगितले जाई. माझ्या नात्यातली एक बाई अशा मारातून गेली होती. ती नंतर पुष्कळ वर्षे जगली, पण तिच्या पाठीवरचे वळ आम्हा मुलींना तिने एकदाच दाखवले आणि त्यावर काही बोलली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, धुरी देणे हा आता गुन्हा आहे. भूतकथांवर माझ्याइतके प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तो कायदा एकदा वाचावा. कथा सांगणे आणि बाईला झोडपणे यांत काडीचाही संबंध नाही, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. दोन्हीकडे भूत तेच होते.

हल्ली झपाटलेल्या जागांच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्या वाचून मला भीती वाटत नाही, राग येतो. कुलाब्याची मुकेश मिल अशा प्रत्येक यादीत असते. समुद्राला लागून असलेली ही कापडगिरणी १९८२ मध्ये आगीनंतर बंद पडली, पुढे तेथे चित्रपटांची चित्रीकरणे होऊ लागली, आणि कोणा नटीच्या तोंडून पुरुषी आवाज आला वगैरे गोष्टी पसरल्या. या गोष्टीत मेलेला माणूस कोण आहे? कोणीही नाही. भिंती जुन्या आहेत, काळ्या पडल्या आहेत, तेवढे भुताला पुरते. त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या हजारोंना गिरणीचे दार पुन्हा कधीच उघडले नाही. त्यांत कोकणातले किती होते ते आमच्या वाड्यावाड्यांत विचारा. रिकाम्या हाताने परत आलेले काके-मामे प्रत्येक घरात होते. गिरणीत भूत असेलच तर त्याने लुंगी नेसलेली असेल, त्याच्या कानांत साच्यांचा खडखडाट असेल आणि तो मालवणीत बोलेल. चित्रीकरणाला आलेल्या माणसांना तो दिसत नाही, कारण ते त्याला ओळखत नाहीत.

म्हणून आता कोणी भुताची गोष्ट सांगू लागले, की मी एकच विचारते: मेले कोण होते? सांगणारा बहुधा गोंधळतो. पण काही वेळा त्याला आठवू लागते.

आमच्या वाडीच्या टोकाला जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली एक जुनी बाव, म्हणजे विहीर, आहे. तिच्यावर बायकोमाणूस दिसते, दुपारी बारा वाजता केस विंचरत बसते, असे आम्हाला सांगत. गेल्या मे महिन्यात मी शेजारच्या काकींकडे विषय काढला. त्या नव्वदीच्या आहेत. फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती वरच्या घरातली पहिली सून, मुलगी झाली त्या रात्री गेली, पाऊस इतका होता की व्हाळ ओलांडून सुईण येऊ शकली नाही. मुलगी जगली. त्या मुलीला काकींनी स्वतः अंगावर पाजले होते, कारण तेव्हा त्यांचाही मुलगा दोन महिन्यांचा होता. आणि केस विंचरण्याचे विचाराल तर, बावीवर बसून केस विंचरायची तिला सवयच होती. घरात सासूपुढे तेवढी मोकळीक नव्हती.

मी तिचे नाव विचारले. ‘नाव कोणाक म्हायत गो,’ काकी म्हणाल्या, ‘घरात तिका पयली म्हणत, नि मागसून आयली ती दुसरी.’ लग्नात तिचे नाव बदलले होते, आणि बदललेले नावही कोणी हाकेला वापरले नाही. माहेर मात्र काकींना आठवत होते: खाडीपलीकडचे गाव, देवळाच्या मागचे घर, चार भाऊ.

त्या घरातली आताची पिढी गोव्यात असते, असे समजले आहे. तिच्या भावांच्या नातवांपैकी एकाचा फोन नंबर मिळाला. त्याला आपल्या आजोबांना बहीण होती हेच ठाऊक नव्हते. घरात जुनी कुळवह्या-पत्रिकांची पेटी आहे, गणपतीला गावी आला की ती उघडून पाहतो, असे त्याने कबूल केले आहे. काकींना मी ते कळवले आहे. तिची मुलगी आता सत्तरीच्या घरात आहे, आणि आईचे नाव तिलाही हवे आहे.